विंडोज 10 ची मुदत संपल्यानंतर: जुना संगणक जपून वापरण्याची पद्धत

14 ऑक्टोबर 2025 या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नियमित सपोर्ट बंद केला. 29 जुलै 2015 रोजी आलेली ही प्रणाली घरांत, शाळांच्या संगणक कक्षांत, डीटीपीच्या दुकानांत आणि हिशेबनिसांच्या टेबलांवर दहा वर्षे मुरली होती, त्यामुळे तिला तारीख पाहून निरोप देणे अनेकांना जमलेले नाही. कोणाचा संगणक विंडोज 11 घेत नाही, कोणाचा प्रिंटर नव्या प्रणालीला ओळख देत नाही, तर कोणाला चालते आहे ते मोडून पुन्हा मांडण्याची उमेद नाही. तिन्ही कारणे रास्त आहेत. ज्यांनी आजवर संगणक केवळ वापरला आणि त्याच्या सेटिंग्जमध्ये फारसे डोकावले नाही, अशा वाचकांसाठी हा लेख आहे.

“आता हा चालेल का?” असे दुकानदाराला विचारले तर “चालेल की!” असेच उत्तर येते आणि ते खरेही असते. मुदत संपली म्हणून संगणक बंद पडत नाही, फाइली नाहीशा होत नाहीत आणि पूर्वी सक्रिय केलेला परवानाही रद्द होत नाही. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: या संगणकावर नेमके कोणते काम होते आणि त्या कामाला इंटरनेट लागते का? पुढच्या बहुतेक पायऱ्या या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतात, म्हणून ते उत्तर आधी एका कागदावर लिहून काढावे.

नेमके काय थांबते

मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, म्हणजे आपल्याकडे त्या दिवशी रात्री, सुरक्षेच्या दुरुस्त्या प्रसृत करते. विंडोज 10 ला मिळणाऱ्या या नियमित दुरुस्त्या आता थांबल्या आहेत. विंडोज 10 आणि 11 यांच्या आतला बराच भाग एकच असल्यामुळे येथे एक विचित्र अडचण उभी राहते. एकाच बिल्डरने सगळ्या फ्लॅटना एकाच बनावटीची कुलपे बसवलेली असावीत आणि शेजाऱ्याने आपले कुलूप बदललेले पाहून चोराला मूळ कुलपातली खोट कळावी, तसे हे आहे. विंडोज 11 ची दुरुस्ती आली की दुरुस्तीपूर्वीची आणि नंतरची फाइल शेजारी ठेवून भोक कोठे होते हे जाणकाराला शोधता येते, आणि तेच भोक विंडोज 10 मध्ये उघडे राहते. म्हणूनच मुदत संपल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात धोका जवळजवळ शून्य वाटतो आणि पुढे तो कोणताही आवाज न करता वाढत जातो.

विंडोजमधल्या डिफेंडर या अँटिव्हायरसला नव्या व्हायरसांची ओळख पटवणाऱ्या याद्या ऑक्टोबर 2028 पर्यंत मिळत राहतील, असे मायक्रोसॉफ्टने सांगितले आहे. ही चांगली गोष्ट असली तरी तिच्यावर विसंबून राहू नये, कारण रखवालदाराकडे चोरांचे ताजे फोटो असले तरी मागची पडलेली भिंत तो बांधून देत नाही.

पहिली पायरी: आपल्याकडे काय आहे ते पाहणे

कीबोर्डवरील विंडोजची कळ दाबून ठेवून ‘आर’ दाबावे, उघडलेल्या लहान चौकटीत ‘विनव्हर’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करून एंटर द्यावे. समोर येणाऱ्या खिडकीत विंडोजचे नाव आणि आवृत्ती दिसते. विंडोज 10 असेल तर आवृत्ती ‘22एच2’ असली पाहिजे. ती या प्रणालीची शेवटची आवृत्ती आहे. त्याहून जुनी दिसल्यास सेटिंग्जमधील विंडोज अपडेटमध्ये जाऊन आधी ती अद्ययावत करावी. खिडकीत विंडोज 7 किंवा 8.1 असे लिहिलेले असेल, तर त्यांची मुदत अनुक्रमे 14 जानेवारी 2020 आणि 10 जानेवारी 2023 रोजीच संपलेली आहे. अशा वाचकांनी दुसरी पायरी करून थेट सहाव्या पायरीकडे वळावे.

दुसरी पायरी: माहितीची प्रत

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच ती बहुतेक जण टाळतात. कागदपत्रे, फोटो आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावा, त्यातल्या दोन-चार फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात आणि नंतर ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. ती कायम जोडलेली राहिली तर खंडणीखोर व्हायरस मूळ फाइलींबरोबर प्रतीलाही कुलूप लावतो, मग दोन प्रती असून नसल्यासारख्या होतात.

मराठीत काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट विसरू नये. युनिकोड (सर्व संगणकांवर सारखी वाचता येणारी अक्षरांची सामाईक पद्धत) रूढ होण्यापूर्वीच्या काळातल्या फॉन्टांत केलेला मजकूर त्या फॉन्टांशिवाय वाचता येत नाही. नव्या संगणकावर उघडल्यास अध्यक्षांच्या भाषणाऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. म्हणून फाइलींबरोबर फॉन्टांचे संपूर्ण फोल्डर, कीबोर्ड ड्रायव्हर आणि मूळ सीडी असेल तर तिचीही प्रत घ्यावी.

याच वेळी मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने किमान 8 जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर विंडोज 10 बसवण्याची सामग्री उतरवून ठेवावी, कारण ती आज सहज मिळते म्हणून चार वर्षांनीही मिळेलच असे नाही. लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (संपूर्ण डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असल्यास त्याची 48 अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी.

तिसरी पायरी: विंडोज 11 चालते का, हे एकदा नीट तपासणे

“या मशीनवर 11 चालत नाही” हा निर्णय अनेकदा घाईने दिला जातो. विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 ही सुरक्षा-सोय, सिक्युअर बूट, 4 जीबी मेमरी आणि 64 जीबी जागा लागते; इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा लागतो. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत साधन चालवले की यातले काय कमी पडते ते कळते. केवळ टीपीएम नाही असे उत्तर आले तर निराश होऊ नये, कारण पुष्कळ मदरबोर्डांवर ते असते पण बंद ठेवलेले असते. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये जाऊन इंटेलच्या संगणकावर ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या संगणकावर ‘एफटीपीएम’ या नावाचा पर्याय शोधून चालू करावा. मात्र त्याआधी वर सांगितलेली रिकव्हरी की हाताशी असल्याची खात्री करावी.

प्रोसेसरच जुना असेल तर अटी चुकवून विंडोज 11 बसवण्याच्या युक्त्या आहेत. नवख्या माणसाने त्या वापरू नयेत असे माझे मत आहे. अशा संगणकाला अपडेट मिळत राहण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, म्हणजे ज्या अनिश्चिततेतून सुटायचे तीच पुन्हा अंगावर घ्यायची.

चौथी पायरी: वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी

ज्यांचा संगणक इंटरनेटवर राहणार आहे, त्यांच्यासाठी ही सर्वांत उपयोगी पायरी आहे आणि तिची माहिती सर्वांत कमी लोकांना आहे. घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने एक वाढीव योजना जाहीर केली असून तिच्यात 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. नवी वैशिष्ट्ये मिळत नाहीत, पण वर सांगितलेली भोके बुजवली जातात.

नोंदणीसाठी सेटिंग्ज, तेथून ‘अपडेट अँड सिक्युरिटी’ आणि मग ‘विंडोज अपडेट’ येथे जावे. 22एच2 आवृत्ती पूर्ण अद्ययावत असेल तर तेथे ‘एनरोल नाऊ’ असा दुवा दिसतो. त्यावर टिचकी मारल्यावर तीन पर्याय समोर येतात: संगणकाच्या सेटिंग्ज मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून मोफत नोंदणी, मायक्रोसॉफ्टच्या ‘रिवॉर्ड्स’ या बक्षीस योजनेतले 1000 गुण खर्चून नोंदणी, किंवा 30 डॉलर अथवा तेवढ्या किमतीचे स्थानिक चलन एकदाच भरून नोंदणी. कोणताही पर्याय घेतला तरी मायक्रोसॉफ्ट खाते लागते आणि नोंदणी करताना ते खाते त्या संगणकावर सर्व बदल करण्याचा अधिकार असलेले, म्हणजे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असावे लागते. एका परवान्यात 10 संगणकांपर्यंत सोय होते, त्यामुळे घरातल्या सगळ्या जुन्या लॅपटॉपांवर एकाच खात्याने नोंदणी करता येते.

मोफत पर्याय निवडताना एक खाचखळगा आहे. सेटिंग्जबरोबर डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही फोल्डरेही वनड्राइव्हवर (मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरील साठवण जागेवर) चढवण्याचा आग्रह पडद्यावर दिसतो आणि तेथली मोफत जागा केवळ 5 जीबी आहे. लग्नाचा एक अल्बम चढला की ती भरते आणि जागा विकत घेण्याच्या सूचना सुरू होतात. नोंदणीसाठी सेटिंग्ज जोडणे पुरते. फोल्डरांचे पर्याय बंद ठेवावेत.

कार्यालयाच्या डोमेनशी (संस्थेच्या मध्यवर्ती नियंत्रणाशी) जोडलेले संगणक या घरगुती योजनेत बसत नाहीत. संस्थांसाठीची योजना वेगळी असून तिची किंमत पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे 61 डॉलर आहे, ती दर वर्षी दुप्पट होते आणि जास्तीत जास्त तीन वर्षे घेता येते. हे गणित मांडून पाहिले की लहान संस्थेला दुसऱ्या वर्षापासून नवा संगणकच परवडेल असे वाटू लागते.

नोंदणी झाल्यावर लगेच विंडोज अपडेट एकदा चालवून पाहावे. चोरून सक्रिय केलेल्या विंडोजबद्दलही येथेच सांगितले पाहिजे. अशी विंडोज सक्रिय करणारी साधने आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात; तो बंद असताना त्या साधनाबरोबर आणखी काय आत आले हे कोणीच पाहिलेले नसते. अशा संगणकाची डागडुजी करत बसण्यापेक्षा तो पूर्ण पुसून सातव्या पायरीतला मार्ग धरणे शहाणपणाचे ठरते.

पाचवी पायरी: रोजच्या वापरातली शिस्त

बहुतेक घरांत संगणक अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यातूनच वापरला जातो, म्हणजे त्या खात्यात शिरलेल्या व्हायरसलाही घरमालकाचे अधिकार मिळतात. सेटिंग्जमधील ‘अकाउंट्स’ विभागात जाऊन दुसरे खाते तयार करावे, त्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार आणि पक्का पासवर्ड द्यावा, त्या नव्या खात्यातून आत शिरून आपले नेहमीचे खाते ‘स्टँडर्ड’ करावे. यापुढे काही बसवायचे झाले की संगणक पासवर्ड विचारतो. काही न बसवता तो पासवर्ड विचारू लागला, तर थांबून कारण शोधावे.

त्यानंतर संगणकावरील अनावश्यक सॉफ्टवेअर काढून टाकावे. कधीकाळी दुरुस्तीला आलेल्या मुलाने दुरून संगणक हाताळण्यासाठी टाकलेले सॉफ्टवेअर अनेक घरांत वर्षानुवर्षे तसेच चालू असते. ते प्रथम काढावे. ऑफिस 2016 आणि 2019 यांची मुदतही विंडोज 10 बरोबर त्याच दिवशी संपली असल्यामुळे अनोळखी माणसाकडून ईमेलने आलेली वर्डची फाइल त्यांत उघडू नये. केवळ पत्रे आणि तक्ते करायचे असतील तर लिब्रेऑफिस हे मोफत आणि अद्ययावत राहणारे सॉफ्टवेअर पुरते.

नेटवर्कच्या बाबतीत 12 मे 2017 रोजी पसरू लागलेल्या वॉनाक्रायची आठवण उपयोगी आहे. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा हा व्हायरस कोणी काही न उघडताही एका संगणकावरून दुसऱ्यावर उडी मारत होता, कारण फाइली वाटून घेण्याच्या ‘एसएमबी’ या सोयीतल्या दोषाचा तो फायदा घेत होता. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचे कामकाज त्याने विस्कळीत केले आणि मायक्रोसॉफ्टला 2014 मध्येच मुदत संपलेल्या एक्सपीसाठीही तातडीची दुरुस्ती काढावी लागली. मात्र सर्वाधिक फटका बसला तो त्या वेळी मुदतीत असलेल्या विंडोज 7 ला, कारण दुरुस्ती मार्चमध्ये येऊनही असंख्य संगणकांवर ती बसवलेली नव्हती. म्हणून सेटिंग्जमध्ये आपल्या नेटवर्कचा प्रकार ‘पब्लिक’ करावा, दुरून संगणक हाताळू देणारे रिमोट डेस्कटॉप बंद ठेवावे आणि कंट्रोल पॅनलमधील ‘विंडोज फीचर्स’ या यादीत एसएमबी 1.0 समोरची खूण असल्यास ती काढावी. जुना झेरॉक्स-स्कॅनर याच जुन्या सोयीतून फोल्डरमध्ये स्कॅन पाठवत असेल तर तो अडेल. तेव्हा स्कॅन पेनड्राइव्हवर घ्यावा, पण ही सोय पुन्हा उघडू नये.

वाढीव योजनेत नोंदणी न झालेल्या संगणकावरून बँकेचे व्यवहार करू नयेत. बहुतेकांच्या खिशात अद्ययावत मोबाइल असतो, त्यावरून हे काम अधिक सुरक्षित होते. ज्यांना डिजिटल सहीचा टोकन लावून विवरणपत्रे भरावी लागतात, त्यांनी त्या कामापुरता तरी मुदतीतला संगणक वापरावा.

सहावी पायरी: नेट तोडून वापरणे

काही संगणकांना इंटरनेटची गरजच नसते आणि त्यांच्यासाठी सर्वांत पक्की सुरक्षा म्हणजे केबल काढून टाकणे. सांगली जिल्ह्यातल्या एका छापखान्यात मी असा संगणक जवळून पाहिला आहे. विंडोज एक्सपी, त्यावर पेजमेकर 7, मराठी फॉन्टांचे जुने पॅकेज आणि त्या पॅकेजचे लॉक (जोडलेले असल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही असा लहान ठोकळा) मागच्या प्रिंटर पोर्टला घट्ट बसवलेले. 2001 मध्ये आलेल्या या पेजमेकरनंतर त्याची पुढची मोठी आवृत्ती निघाली नाही आणि त्याला युनिकोड देवनागरी कळत नाही, पण लग्नपत्रिका, वार्षिक अहवाल आणि पतसंस्थेची पावतीपुस्तके त्यावर आजही झरझर लागतात. नेट नसल्यामुळे मालक निर्धास्त होते.

ऐन लग्नसराईत एका गिऱ्हाइकाने पेनड्राइव्ह आणून दिला. त्यातल्या प्रत्येक फोल्डरच्या चित्रावर खालच्या कोपऱ्यात लहानसा वळलेला बाण होता आणि प्रत्येकाचा आकार जेमतेम 1 केबी दिसत होता. हा नेहमीचा शॉर्टकट व्हायरस. तो खरे फोल्डर लपवतो आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट ठेवतो. शॉर्टकटवर दोनदा टिचकी मारली की फोल्डर उघडतो आणि त्याबरोबर व्हायरसही संगणकात शिरतो. येथेही तसेच झाले आणि संध्याकाळपर्यंत दुकानातला प्रत्येक पेनड्राइव्ह बाणांनी भरला. फाइली गेल्या म्हणून सगळे हवालदिल झाले होते, पण तो पेनड्राइव्ह लिनक्स ही विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत प्रणाली असलेल्या लॅपटॉपला लावल्यावर खरे फोल्डर जसेच्या तसे दिसले, कारण विंडोजसाठी लावलेली ‘लपलेले’ ही खूण लिनक्स जुमानत नाही.

तेव्हापासून त्या दुकानाने जो नियम केला तो कोणीही उचलावा. जुन्या संगणकाला दुकानाचा एकच, लाल दोरी बांधलेला पेनड्राइव्ह लागतो. गिऱ्हाइकाची फाइल आधी शेजारच्या अद्ययावत संगणकावर तपासली जाते, मगच लाल दोरीच्या पेनड्राइव्हवर उतरते. जुन्या संगणकावरची ऑटोप्लेची, म्हणजे पेनड्राइव्ह लावताच तो आपोआप उघडण्याची सोय बंद केलेली आहे.

नेट तोडलेल्या संगणकाचा खरा शत्रू मग हार्ड डिस्कचे वय हा उरतो. क्लोनझिला या मोफत साधनाने संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे प्रणाली आणि सॉफ्टवेअरसह हुबेहूब प्रत काढून ठेवावी. केवळ फाइलींची प्रत येथे पुरत नाही, कारण जुने सॉफ्टवेअर पुन्हा बसवायला सीडी, तिचा नंबर आणि ती वाचणारा ड्राइव्ह असे सगळे एकत्र सापडणे कठीण असते. मदरबोर्डवरचा सीआर 2032 हा नाण्यासारखा सेल संपला की दर वेळी तारीख मागे जाते आणि बिलांवर भलतेच साल छापले जाते. हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

जुनी प्रणाली नव्या संगणकाच्या पोटात, व्हर्च्युअलबॉक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये चालवणे हाही एक मार्ग आहे. तसे करताना आतल्या प्रणालीचा नेटवर्क अ‍ॅडॉप्टर बंद ठेवावा. यूएसबीचे लॉक बहुधा आतपर्यंत पोचवता येते, परंतु प्रिंटर पोर्टचे लॉक असल्यास हा मार्ग जवळपास बंद समजावा. याबरोबर जुना मजकूर हळूहळू युनिकोडमध्ये आणायला सुरुवात करावी. रूपांतर करणारी साधने आहेत, पण प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावे लागते: जुन्या फॉन्टांत ‘कि’ मधली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, तर युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. जोडाक्षर आणि रफार आले की रूपांतर हमखास तेथेच घसरते आणि वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते.

सातवी पायरी: त्याच संगणकावर दुसरी प्रणाली

ब्राउझर, ईमेल, पत्रव्यवहार आणि व्हिडिओ एवढेच काम असेल तर लिनक्स मिंट पाहावे. ते मोफत आहे, त्याची मांडणी विंडोजची सवय असलेल्याला परकी वाटत नाही आणि 4 जीबी मेमरीवर ते नीट चालते. रुफस या साधनाने पेनड्राइव्हवर मिंट उतरवून, संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू केला की काहीही न पुसता ते वापरून पाहता येते. प्रिंटर, वाय-फाय आणि मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालतो का, एवढ्या तीन गोष्टी दोन-तीन दिवस तपासाव्यात. टॅलीसारखे विंडोजचेच सॉफ्टवेअर लागत असेल तर मात्र येथे थांबावे.

केव्हा थांबावे

प्रणालीची मुदत संपल्यावरही ब्राउझर काही काळ साथ देतो. विंडोज 7 च्या बाबतीत क्रोमने तीन वर्षे साथ दिली आणि 109 व्या आवृत्तीनंतर 2023 च्या सुरुवातीला ती सोडली. आपल्या ब्राउझरने “या विंडोजवर यापुढे अपडेट मिळणार नाहीत” अशी पट्टी दाखवली, की त्या संगणकाचे इंटरनेट त्याच आठवड्यात तोडावे आणि त्याला सहाव्या किंवा सातव्या पायरीवर न्यावे. वाढीव योजनेत असलेल्यांनी 13 ऑक्टोबर 2026 ही तारीख कॅलेंडरवर दोन महिने आधीच्या आठवणीसह नोंदवावी, म्हणजे दिवाळीच्या गर्दीत संगणक निवडण्याची वेळ येणार नाही.

संगणक विकायचा किंवा भंगारात द्यायचा ठरला, तर सेटिंग्जमधील ‘रिकव्हरी’ विभागात ‘रीसेट धिस पीसी’, त्यात ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ आणि पुढच्या पडद्यावर डेटा पूर्ण पुसण्याचा पर्याय निवडावा; याला काही तास लागतात, म्हणून रात्री लावून ठेवावे. डिस्क बिघडल्यामुळे ती पुसताच येत नसेल तर संगणक द्यावा, डिस्क काढून घ्यावी. आणि मागच्या पोर्टला लॉक राहिलेले नाही ना, हे हात घालून पाहावे.